द्वारपाल चालू आहे

हेमचंद्र गुप्त्यांच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट घडली होती, आणि ती आनंदनगर एमआयडीसीतल्या प्लास्टिकचे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात, एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये राहत होती. तिचं नाव 'द्वारपाल'. गेटवर ट्रक आला की त्याचा नंबर, रिकामं वजन, भरलेलं वजन, वेळ आणि ड्रायव्हरचं नाव टिपून घ्यायचं आणि पावती छापायची, एवढंच द्वारपालाचं काम. गुप्त्यांनी हा प्रोग्रॅम १९९९ साली, पुस्तकं उसनी आणून, एकट्याने लिहिला होता. तेव्हाच्या मोठ्या सेठनी सगळ्या स्टाफसमोर त्यांना पेढा भरवला होता. त्यानंतर गुप्त्यांना कुणी पेढा भरवला नाही, आणि भरवावा असं त्यांच्या हातून काही झालंही नाही. लग्न, मुलगा, बदलापूरचा फ्लॅट या गोष्टी झाल्या, पण त्या सगळ्यांच्याच होतात.

रोज सकाळी नऊ वाजता गुप्ते आपल्या खोलीतून गेटवर फोन लावत. द्वारपालाचा कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत असला तरी त्याचा पडदा गेटवर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये होता, आणि तिथे किसन नावाचा माणूस वर्षानुवर्षं बसलेला होता. गुप्ते विचारत, "किसन, द्वारपाल चालू आहे ना?" किसन म्हणे, "हो साहेब, चालू आहे." मग गुप्ते चहा मागवत. संध्याकाळी निघताना ते द्वारपालाची एक प्रत बॅकअप म्हणून काढत आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावत. देवाला दिवा लावण्यात त्यांनी एखादा दिवस चुकवला असेल, यात नाही.

मोठे सेठ गेले आणि गादीवर त्यांचा मुलगा आला. हितेशसेठ एका सोमवारी गुप्त्यांच्या खोलीत शिरले आणि ओळीने मांडलेले चार कॉम्प्युटर बघून उंबऱ्यातच थांबले.

"गुप्तेजी, हे काय म्युझियम आहे काय? हजेरीचा डबा वेगळा, स्टोअरचा वेगळा, बिलाचा वेगळा. एकच सर्व्हर घ्या, सगळं त्याच्यात टाका. बाहेरचा माणूस येऊन करून देईल. आणि हे चौथं, गेटचं, काढून टाका. जुनं आहे, त्याला कोण हात लावणार?"

गुप्त्यांनी याविषयी कुठेतरी वाचलेलं होतं. एका दणकट सर्व्हरवर असा एक प्लॅटफॉर्म बसवता येतो, की त्याच्या पोटात चार वेगवेगळे कॉम्प्युटर असल्याचा भास निर्माण होतो. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, आपल्याला आपलं घर आहे. जुना प्रोग्रॅम आपल्या जुन्याच जगात राहू शकतो, बाहेर काय बदललं हे त्याला कळतसुद्धा नाही. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. गुप्त्यांना ही कल्पना फारच आवडली होती, आणि ती केवळ कॉम्प्युटरपुरती नव्हे.

"बाहेरचा माणूस कशाला?" गुप्ते म्हणाले. "मी बसवतो. गेटचं पण त्यातच बसेल."

हितेशसेठनी त्यांच्याकडे, मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "ठीक आहे. एक महिना. झालं तर झालं. नाही तर बाहेरचा माणूस, आणि गेटचं कचऱ्यात."

नवा कोरा सर्व्हर घेण्याची सेठची तयारी नव्हती. त्यामुळे गुप्ते रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेले. तिथे सनी नावाच्या सिंधी दुकानदाराकडे कंपन्यांतून निघालेला माल छतापर्यंत रचलेला होता. सनीने एक लांबलचक लोखंडी पेटी ओढून काढली, फडका मारला आणि सुरू करून दाखवली. दुकानातलं कॅलेंडर हललं.

"आवाज फार करता है," गुप्ते म्हणाले.

"सर्व्हर है अंकल, आवाज तो करेगा. गूँगा मंगता तो लॅपटॉप ले जाओ."

"आणि वॉरंटी?"

"इधर चालू करके दिखाया ना. वोही वॉरंटी."

बिल कंपनीच्या नावे झालं, पण पेटी गेली बदलापूरला, गुप्त्यांच्या घरी. कारण सरळ होतं. सत्तावन्नाव्या वर्षी चुकत-माकत शिकायचं, तर ते चार लोकांच्या देखत नको. घरी सराव करावा, वही भरावी आणि मग कारखान्यात जाऊन एका फटक्यात बसवून दाखवावं, असा त्यांचा बेत होता. पेटी हॉलमध्ये टीपॉयच्या जागी आली आणि टीपॉय बाल्कनीत गेलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी नीलिमाताईंनी घाबरून गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज वर आले. ज्या जमिनीवर बिल्डिंग उभी होती ती एकेकाळी धर्मराजांच्या बापाची भाताची खाचरं, त्यामुळे निवडणूक कधीही घेतली तरी सेक्रेटरी तेच होत.

"गुप्तेसाहेब, घरान गिरन लावलीव काय? खालती आमची भांडी हालतान."

गुप्त्यांनी सर्व्हर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. धर्मराजांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता सगला बरोबर हाय. पन दलताव काय त्याच्यान?"

व्हायचं तेच झालं. संध्याकाळी धर्मराजांच्या आई बनूबाई डोक्यावर डबा घेऊन तीन जिने चढून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "तांदलाच्या भाकरीचा हाय. जरा बारीक काढा." त्यांना परत पाठवणं गुप्त्यांना जमलं नाही. शेवटी नीलिमाताई तो डबा घेऊन स्टेशनजवळच्या गिरणीत गेल्या, दळण आणून बनूबाईंना पोचवलं, आणि त्या आठवड्यात आणखी तीन डबे आले.

सल्ले तर न मागता येत होते. कुणी म्हणालं खाली गोणपाट घाला, कुणी म्हणालं कॅम्प चारमधून जाड रबर आणा, आवाज एकदम बंद. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त इंजिनिअरांनी पेटीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि "आमच्या वेळी हे नव्हतं" एवढं सांगून ते गेले. धर्मराजांनी गच्चीवरची पाण्याच्या टाकीशेजारची जागा देऊ केली. गुप्ते सगळ्यांना 'बघतो' म्हणत होते, कारण खरी अडचण आवाजाची नव्हतीच. प्लॅटफॉर्म बसतच नव्हता. आधी तो म्हणाला, या यंत्रात व्हर्च्युअलायझेशनची सोयच बंद आहे. ती सोय चालू करायचं बटण कुठल्या पानावर लपलंय हे शोधण्यात दोन दिवस गेले. मग तो म्हणाला, मला डिस्क दिसत नाही. डिस्क गुप्त्यांच्या हातात होती. त्यांनी ती परत घट्ट बसवली. तेव्हा तो म्हणाला, नेटवर्क सापडत नाही. अठराव्या दिवशी एकदाचं सगळं सापडलं आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटली, सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता.

"झालं," गुप्ते म्हणाले.

नीलिमाताई हात पुसत आल्या आणि त्यांनी पडद्याकडे बघितलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या.

आता वहीविषयी सांगायला हवं, कारण घर फुटायची वेळ तिनेच आणली. गुप्त्यांचं शिक्षण मराठीतून झालेलं. इंग्रजी ऐकायचं आणि मराठीत उतरवायचं, तरच ते डोक्यात राहतं, असा त्यांचा अनुभव. मोबाइलवर व्हिडिओ लावून ते शुद्ध मराठीत टिपणं काढत. या विद्येत सर्व्हरला 'होस्ट' म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या भासमान कॉम्प्युटरांना 'गेस्ट'. गुप्त्यांनी सरळ लिहिलं, यजमान आणि पाहुणे.

त्याच आठवड्यात नीलिमाताईंचा भाऊ महेश, बायको आणि दोन मुलांना घेऊन राहायला आला होता. त्याच्या घराला रंग लागत होता, आणि रंगाचं काम लांबत चाललं होतं. महेश जात्याच हळवा. गुरुवारी दुपारी घरात कुणी नसताना त्याने वेळ घालवायला म्हणून सोफ्यावरची वही उघडली. तीत मेहुण्यांच्या ठाशीव अक्षरात असं लिहिलं होतं:

'एका यजमानावर चारपेक्षा जास्त पाहुणे टाकू नयेत. सध्या चार आहेत. प्रत्येक पाहुणा किती खातो यावर रोज लक्ष ठेवावे. पाहुणा सांगूनही बंद होत नसेल तर जबरदस्तीने बंद करावा. नकोसा पाहुणा मुळासकट काढून टाकता येतो, मात्र मग तो परत येत नाही. शुक्रवारी चारही पाहुणे हलवणे.'

गुप्ते संध्याकाळी घरी पोचले तेव्हा चारही पाहुणे सकाळी धुतलेले ओले कपडे पिशव्यांत कोंबून दारात उभे होते. महेश भांडला नाही. भांडला असता तर खुलासा तरी करता आला असता. तो फक्त म्हणाला, "भाऊजी, तोंडावर सांगितलं असतं तरी गेलो असतो. मुलं किती खातात हे लिहून ठेवायची गरज नव्हती." आणि वाकून नमस्कार करून खाली उतरला.

गुप्त्यांनी नीलिमाताईंना वही उघडून एकेक ओळ समजावली. हे होस्ट, हे गेस्ट. त्यांना ते पटलं नाही असं नाही, पण पटल्याने काही हलकं झालं नाही. वहीत मागच्या पानावर एक ओळ होती: 'यजमान जुना आहे, लवकर तापतो आणि विनाकारण आवाज करतो. बदलता आला तर उत्तम.' त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे तेवढं खरं आहे," त्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. पुढचे कित्येक दिवस घरात जेवायला वाढल्याचे आवाज सोडले तर दुसरा शब्द नव्हता. सर्व्हर होता तोवर निदान त्याचा आवाज होता. तो गेल्यावर शांतता फारच वाढली.

शुक्रवार हा आनंदनगरच्या त्या कारखान्याचा सुट्टीचा दिवस. काम त्याच दिवशी उरकावं म्हणून गुप्ते टेम्पोत पेटी घालून गेटवर आले, आणि गेटवरच अडले. प्रशासन अधिकारी राजसी मॅडमनी सुट्टी असूनही फोनवर नियम सांगितला. बिल कंपनीच्या नावे आहे, स्टोअरमध्ये माल आल्याची नोंद होऊन गेली आहे. म्हणजे कागदोपत्री सर्व्हर आत आहे. जी वस्तू आत आहे ती पुन्हा आत येऊ शकत नाही. तिला आधी बाहेर जावं लागेल.

"पण ती बाहेरच आहे," गुप्ते म्हणाले.

"मग तिचा जावक पास दाखवा, सर."

बाहेर असलेली वस्तू बाहेर नेण्याचा पास मिळवायला चार दिवस लागले. ते चार दिवस पेटी किसनच्या केबिनबाहेरच्या छपरात गोणपाटाखाली होती. किसनने तिच्यावर आपला डबा ठेवला होता. गुप्त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, आणि त्यांची पाठ वळल्यावर तो पुन्हा तिथेच गेला.

अखेर यजमान आपल्या जागी बसला. पहिला पाहुणा हजेरीचा. गुप्त्यांनी त्याची डिस्क जशीच्या तशी उचलून आत सोडली, सगळं हिरवं दिसलं, आणि ते समाधानाने घरी गेले. सर्व्हरच्या आतला छोटा सेल संपलेला आहे, हे सनीच्या वॉरंटीत बसत नव्हतं. सेल संपलेला सर्व्हर उठतो तो आपल्या मनातल्या तारखेला. या सर्व्हरच्या मनात १ जानेवारी २०१० होती, आणि तो शुक्रवार होता.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या ज्या जुन्या कामगारांनी बोट टेकवलं त्या सगळ्यांची नोंद साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर आल्याची झाली. नियमाप्रमाणे प्रत्येकाला बदली सुट्टी लागू झाली. जे २०१० नंतर नोकरीला लागले होते त्यांना मशीनने ओळखच दाखवली नाही, ते वेगळेच चिडले. युनियनचं म्हणणं असं की मशीन मॅनेजमेंटचं आहे, मशीन शुक्रवार म्हणतंय, तर शुक्रवार. बदली सुट्ट्या द्याव्या लागल्या. राजसी मॅडमनी गुप्त्यांकडून लेखी खुलासा मागवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या फाइलला तसला कागद लागला. त्यांनी लिहिलं, 'उक्त दिवशी शुक्रवार नव्हता याची मला पूर्ण कल्पना होती.' याहून वेगळं काय लिहिणार होते? कॅन्टीनमध्ये लोक त्यांना हसून विचारू लागले, "साहेब, आज काय वार?" गुप्ते वार सांगत आणि ताट घेऊन कोपऱ्यात बसत.

स्टोअर आणि बिल हे दोन पाहुणे कुरकुर न करता आले. मुदत संपायला तीन दिवस होते. गुप्त्यांनी द्वारपाल मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्या सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. जुनी डिस्क उचलली, आत सोडली, आणि पाच मिनिटांनी नव्या सर्व्हरच्या पोटात तोच निळा पडदा उजळला. त्यावर पिवळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्', आणि खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव. गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला. दुपारी भंगारवाला आला तेव्हा त्यांनी जुना कॉम्प्युटर स्वतः उचलून त्याच्या गाडीत ठेवला.

मग नीट तपासावं म्हणून त्यांनी शेवटची नोंद उघडली. ती दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली होती. त्यानंतर काही नव्हतं.

दोन वर्षं. रोजचे ट्रक, रोजचं वजन, सगळं आपल्या हातून आणताना सांडलं. जुना डबा भंगारात गेला होता. त्यांनी कपाट उघडून बॅकअप लावून बघितला. कालचाही त्याच जूनपाशी संपत होता, परवाचाही. गेल्या वर्षीचा दिवाळीतलाही. म्हणजे आपण दोन वर्षं रोज न चुकता बिघडलेला बॅकअप काढला. फाइल कधी वाढत नव्हती, याचं श्रेय त्यांनी आपल्या काटकसरीच्या लिखाणाला दिलं होतं, तेही आता आठवलं. पुढचे दोन दिवस ते जेवले नाहीत. नीलिमाताईंनी अबोला सोडून "बरं वाटत नाही का?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी फार मोठं नुकसान केलंय गं." नीलिमाताईंना वाटलं, महेशबद्दल बोलतायत. त्यांचे डोळे पाणावले आणि त्यांनी भावाला फोन लावला. चांगली गोष्ट झाली, पण गुप्त्यांच्या ती लक्षातही आली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, कबूल करायचं. किसनकडे जायचं, गेटचं काही कच्चं टिपण असेल ते मागायचं आणि दोन वर्षांच्या नोंदी रात्रंदिवस बसून स्वतः भरायच्या. ते भर उन्हात चालत गेटवर गेले. किसन एका ट्रकचं वजन जाड रजिस्टरमध्ये लिहीत होता. मागच्या फळीवर अशी रजिस्टरं ओळीने लावलेली होती. द्वारपालाचा पडदा कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता आणि त्याच्या प्लगच्या जागी किसनचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

"किसन," गुप्ते म्हणाले, "माझ्या हातून दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. ही रजिस्टरं मला दे."

किसनने पेन खाली ठेवलं. तो उठला, त्याने साहेबांना खुर्ची दिली आणि माठातलं पाणी दिलं.

"साहेब, तुमच्या हातून काय नाय गेलं. रागावू नका. नवा काटा आला तवापासून पावती काट्यातूनच निघते. बिलं ड्रायव्हरांच्या मोबाइलवर असतात. आम्ही हितं लिवतो फक्त. तुमचं मशीन दोन वर्षं बंदच हाय."

गुप्त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. डेटा गेला नव्हता. तो आलाच नव्हता.

"मग रोज मला हो का म्हणायचास?"

किसन खाली बघत होता. "तुम्ही एवढं आवर्जून विचारायचे. गेटला दुसरं कोण फोन करतंय, साहेब? नाय म्हनलो असतो तर तुम्ही फोन बंद केला असता."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. किसन लिहायला बसला. गुप्ते उठले आणि आले तसे परत गेले.

संध्याकाळी हितेशसेठना काम पूर्ण झाल्याचा अहवाल द्यायचा होता. राजसी मॅडमनी त्याचा नमुना दिला होता. त्यात तीन रकाने होते: यंत्रणेचं नाव, काम, आणि वापरणारे किती. गुप्त्यांनी पहिल्या ओळीत हजेरी लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात एकशे बेचाळीस. स्टोअरसमोर सहा. बिलांसमोर चार. चौथ्या ओळीत त्यांनी 'द्वारपाल' लिहिलं, कामाच्या रकान्यात 'आवक-जावक वजन नोंद' लिहिलं, आणि तिसऱ्या रकान्यापाशी थांबले. आयुष्यात त्यांनी खोटी नोंद केलेली नव्हती, आणि शून्य लिहिलं तर सेठ आजच ते काढायला सांगणार, हेही त्यांना कळत होतं.

मग त्यांनी सर्व्हरच्या पडद्यावर द्वारपाल उघडला. 'सुस्वागतम्' आलं. त्यांनी एक बटण दाबून तो बंद केला, म्हणजे रीतसर वापरला, आणि रकान्यात स्पष्ट अक्षरात लिहिलं: १.